संपर्क तुटलेले सात

"हे पत्र आता आमच्या घरला पाठवू नका," असं म्हणून समोरच्या गृहस्थांनी चार घड्या घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मंगळवारची ओपीडी होती. बाहेर शंभरेक माणसं खोळंबली होती. टेबलाच्या कोपऱ्यात सकाळी कुणीतरी आणून ठेवलेला गुच्छ होता आणि दाराबाहेरच्या फळ्यावर माझं नाव रंगीत खडूनं लिहिलेलं होतं. 'डॉ. ऋजुता नाडगौडा यांचे हार्दिक अभिनंदन.' चाळिशीच्या आतल्या मेंदूविकारतज्ज्ञांना संशोधनासाठी देशभरातून तीन पुरस्कार दिले जायचे, त्यातला एक त्या वर्षी मला जाहीर झाला होता. मी छत्तीस वर्षांची होते. येत्या रविवारी हैदराबादला समारंभ होता, आणि पुरस्कारासोबत परदेशातल्या एका मोठ्या संस्थेत वर्षभर काम करायची संधी होती. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली.

मी कागद उघडला. आमच्याच विभागाचं पत्र होतं. 'श्री. सुकुमार बाबगोंडा मगदूम यांस, आपण ठरलेल्या तारखेस तपासणीस आला नाहीत. कृपया त्वरित संपर्क साधावा.'

"सुकुमार कुठं आहेत?" मी विचारलं.

"गेला."

"कुठं गेले?"

"मार्चात वारला, बाई. नदीत."

सुकुमार मला चांगला आठवत होता. इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचा. अठ्ठावीस वर्षांचा, हसतमुख. पंधराव्या वर्षापासून फिट यायच्या, पण औषध लागू पडलं होतं आणि तीन वर्षांत एकही फिट नव्हती. अशाच रुग्णांवर माझा अभ्यास होता. फिट थांबून दोन-तीन वर्षं झाली की गोळ्या हळूहळू बंद करतात. त्याला वर्षभर लावायचं की सहा आठवड्यांत उरकलं तरी चालतं, एवढाच माझा प्रश्न होता. एकशे वीस रुग्ण घेतले, साठ या गटात, साठ त्या गटात. सुकुमार सहा आठवड्यांच्या गटात होता. संमतीपत्र मीच त्याला वाचून दाखवलं होतं. सही करताना तो म्हणाला होता, "मॅडम, गोळी सुटली की मला मोटरसायकल चालवू देणार ना?"

"काय झालं नेमकं?"

सुकुमारचे वडील बाबगोंडा मगदूम खुर्चीत ताठ बसले होते. पांढरी टोपी, स्वच्छ धुतलेला सदरा. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

"म्हशी धुवायला गेलतो आम्ही दोघं. पाणी कमरेएवढं. मी काठावर बसलोय, त्यो पाण्यात. त्याचा हात ताठ झाला, मान एका अंगाला वळली. मला ते नवीन न्हाई, धा वर्सं बघितलंय. मी उठून पाण्यात शिरलो तर म्हस मधी आली. तिला ढकलून पोचेपर्यंत झालं."

मी पत्रावरची तारीख पुन्हा पाहिली.

"हे चौथं पत्र. पहिलं यायच्या आधीच मी फोन करून सांगितलंतं. दुसरं आलं तवा हितं येऊन मोठ्या डाक्टरांना भेटलो. तिसरं फाडून टाकलं. पत्र आलं की त्याची आई दोन-दोन दिवस जेवत न्हाई."

"मोठे डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

ते खिडकीकडं बघत राहिले. "ते ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. गोळी कमी केली म्हणून झालं का हे?"

"मला कागद बघावे लागतील."

"बघा," ते उठत म्हणाले. "अकरा महिने कुणी बघितलं न्हाई."

ओपीडी संपेपर्यंत मी बाकीचे रुग्ण कसे तपासले ते मला आठवत नाही. दीड वाजता मी अभ्यासाच्या खोलीत गेले. तिथं ज्योत्स्ना लाटकर बसायची. रुग्णांना फोन करणं, तारखा देणं, नोंदी ठेवणं हे सगळं ती बघायची. मी तिला फोनचं रजिस्टर मागितलं. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि कपाटातून काढून दिलं.

मार्चच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं. 'सुकुमार मगदूम. वडिलांचा फोन. पेशंट वारला. नदीत फिट आली. वडिलांनी स्वतः पाहिले.' मी संगणकावरची नोंद उघडली. तिथं सुकुमारच्या नावापुढं दोनच शब्द होते. 'संपर्क तुटला.'

सहा आठवड्यांच्या गटात असे संपर्क तुटलेले सात जण होते. मी एकेक नाव घेऊन रजिस्टरमध्ये शोधलं. दोघं खरोखरच गाव सोडून गेले होते. उरलेल्या पाचही जणांना फिट आली होती. त्यातली जयसिंगपूरची एक बाई चुलीवर पडून भाजली आणि चौथ्या दिवशी वारली. सुकुमार धरून दोन मृत्यू. माझ्या प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात लिहिलं होतं की सहा आठवड्यांच्या गटात बारा जणांना पुन्हा फिट आली, वर्षाच्या गटात अकरा जणांना, म्हणजे दोन्हीत काही फरक नाही. याच वाक्यावर मला पुरस्कार मिळाला होता. बारात हे पाच मिळवले की सतरा होत होते.

"हे कुणी केलं, ज्योत्स्ना?"

"हेर्लेकर सरांनी सांगितलं तसं मी भरलं."

"आणि तू भरलंस. मेलेल्या माणसाचा संपर्क तुटला म्हणून लिहिलंस. वर त्याला पत्रं पाठवलीस."

"पत्रं संगणकातून आपोआप निघतात, मॅडम."

"मला सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला होता. बाहेरून जाणारी नर्स थांबली. "मी काय मेले होते?"

ज्योत्स्ना उठून उभी राहिली. सहा वर्षांत मी तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. तिनं आधी दार लावून घेतलं.

"मी तुम्हाला फोन केला होता. बेळगावला, तुमच्या माहेरी. तुम्ही बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. तुमच्या आईंनी फोन दिला. मी म्हटलं, मॅडम, एक पेशंट वारलाय, मगदूम. तुम्ही म्हणालात, आत्ता नको गं ज्योत्स्ना, सरांना विचार, ते सांगतील तसं कर. बाळ रडत होतं. तुम्ही फोन ठेवलात. मग जयसिंगपूरची बाई वारली तेव्हा मी फोन केला नाही. काय म्हणून करायचा?"

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात मला तो फोन आठवला. खांद्यावर मुलगी होती, टाके दुखत होते, आणि ज्योत्स्नाचं बोलणं मला कधी एकदा संपतंय असं झालं होतं. मगदूम हे नाव मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

चिडायला समोर कुणी उरलं नाही की माणूस आणखी चिडतो. मी रजिस्टर काखेत मारून घरी आणलं, सगळी पानं झेरॉक्स करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेर्लेकर सरांच्या खोलीत गेले.

डॉ. अच्युत हेर्लेकरांनी आमचा विभाग शून्यातून उभा केला होता. मला न्यूरॉलॉजी त्यांनी शिकवली. पाठीच्या कण्यातून पाणी काढताना माझा हात थरथरायचा, तेव्हा ते माझ्या मागं उभे राहून सांगायचे, "घाई नको, माणूस आहे तो." अशा माणसावर चिडणं सोपं नसतं. मी उभ्या उभ्याच त्यांच्यासमोर कागद ठेवले.

त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं आणि बाजूला सारलं.

"बुडून मृत्यू. दाखल्यावर हेच आहे."

"वडिलांनी फिट येताना पाहिलंय."

"वडील डॉक्टर आहेत का?"

"सर, दहा वर्षं ते त्याच्या फिट बघत होते. तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

"भावनेवर संशोधन चालत नाही, ऋजुता. पुरावा नसलेली नोंद धरायची नाही हा निर्णय मी घेतला. तू चार महिने घरी होतीस. कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा होता."

"धरायची नव्हती तर तसं लिहायचं होतं. वारला, कारण नक्की नाही. संपर्क तुटला हे खोटं आहे. आणि भाजलेल्या बाईचं काय? मृत्यू झाला की चोवीस तासांत नैतिकता समितीला कळवायचं असतं. तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज एकदम मऊ झाला. "पुढच्या महिन्यात आपल्या विभागाची तपासणी आहे. डीएम अभ्यासक्रमाच्या दोन जागा मिळाल्या तर या जिल्ह्यात दरवर्षी दोन न्यूरॉलॉजिस्ट तयार होतील. तुझा पुरस्कार त्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. आत्ता हे उकरून तू कुणाचं भलं करणार आहेस?"

"मला हुबळीहून, सोलापुरातून डॉक्टरांचे फोन येतात. तुमचा निबंध वाचला, आम्हीही सहा आठवड्यांत गोळ्या बंद करायला लागलो, म्हणतात. मी त्यांना थँक यू म्हणते. त्यांच्याकडं कितीजण नदीवर जात असतील, सर?"

"तुझा स्वभाव मला माहीत आहे. दोन दिवसांनी शांत होशील."

मी टेबलावरचे कागद गोळा केले. "मी पुरस्कार घेणार नाही. निबंध मागे घेतेय, आणि का ते लिहून."

"मग या विभागात तुला जागा नाही," ते म्हणाले. हेही त्यांनी मऊ आवाजातच सांगितलं.

त्या दुपारी मी पुरस्कार समितीच्या सचिवांना फोन केला. भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "डॉक्टर, पत्रात वैयक्तिक कारण लिहा. बाळ लहान आहे, प्रवास जमत नाही. तुमचंही नाव राहील, आमचंही." मी म्हटलं, माझं बाळ व्यवस्थित आहे, कारण मी लिहितेय तेच आहे. त्यानं पुन्हा बाळाचंच सुचवलं. तिसऱ्यांदा सुचवल्यावर मी फोन आपटला. मग दोन पानांचं पत्र लिहिलं, सोबत रजिस्टरच्या पानांच्या प्रती जोडल्या. एक प्रत समितीला, एक निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, एक आमच्या नैतिकता समितीला. तिन्ही पाकिटं स्वतः पोस्टात नेऊन रजिस्टर केली.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी गेला, आणि मला 'वैयक्तिक कारणामुळे' येता आलं नाही असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. निबंध मागे घ्यायला नियतकालिकानं दोन वर्षं लावली. माझी नोकरी महिनाअखेरीस गेली. ज्योत्स्नाचीही गेली, याची मला जास्त लाज वाटते. हेर्लेकर सरांची चौकशी झाली, पण त्या चौकशीतून काहीच निघालं नाही. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना जीवनगौरव मिळाला. बातमी वाचून मी वर्तमानपत्राचे तुकडे केले. नवरा म्हणाला, आता सोड. मी अजून सोडलेलं नाही.

पण त्या आठवड्यातली एक गोष्ट राहिली. रविवारी, हैदराबादला समारंभ होता त्या दिवशी, मी गाडी काढून मगदूमांच्या गावी गेले. सकाळचे दहा वाजले असतील. बाबगोंडा घरापुढच्या सोप्यात बसले होते. सुकुमारची आई ताकाचा तांब्या ठेवून उंबऱ्याशी बसली. मी गाडीत ठरवून आलेलं सगळं विसरले आणि सरळ सांगितलं. "तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आणलंय. गोळी आम्ही फार लवकर कमी केली. हळूहळू केली असती तर बहुतेक हे झालं नसतं. तुम्ही कळवलेलं आम्ही लपवलं. मलाही फोन आला होता आणि मी तो नीट ऐकला नाही."

बाबगोंडांनी विचारलं, "म्हणजे घरात गोळी चुकली, असं न्हवं?"

"चुकली असं कोण म्हणालं?"

"मोठे डाक्टर. मी भेटलो तवा त्यांनी विचारलं, घरात गोळ्या कोण द्यायचं? मी म्हटलं, सून. ते म्हणाले, मग तिनं वेळेवर दिल्या नसतील, तिला विचारा. गोळी चुकली की असंच होतं, म्हणाले." त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती खाली बघत होती. "आम्ही घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, अर्धीच गोळी द्यायची होती, अर्धी दिली. आम्हास्नी पटलं न्हाई. एवढा मोठा डाक्टर काय खोटं बोलंल? हिनं तिला पोराला खाल्लंस म्हटलं. आठवड्यात तिला माहेरी धाडली. दीड वर्साची पोरगी हाय तिला."

मी उठून अंगणात आले. तांब्यातलं ताक तसंच राहिलं. संगणकातले ते दोन शब्द, बदललेला आकडा, हे सगळं मला कळलेलं होतं आणि त्यावर मी आठवडाभर चिडलेली होते. ही सून त्यात कुठंच नव्हती. माझ्या एकशे वीसमध्येही नव्हती आणि सातमध्येही नव्हती. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि अंगणात फक्त एक तुळस आणि दोन म्हशी होत्या.

बाबगोंडा मागून आले. त्यांनी पायात चपला घातलेल्या होत्या.

"गाडी हाय न्हवं तुमची? चला."

सुनेचं माहेर म्हणजे शिरोळच्या पुढं, तासाभराच्या आतलं गाव. घर रस्त्याला लागूनच होतं. ओसरीत एक तरुण बाई शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती, शेजारी एक लहान मुलगी चिंध्यांशी खेळत होती. सासऱ्यांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण मशीन थांबवलं नाही. ते पायरीपाशीच उभे राहिले.

"त्रिशला, ह्या बाई दवाखान्यातल्या हाएत," ते म्हणाले. "काय सांगत्यात ते ऐक."

मी तिला सांगितलं. तुम्ही गोळी बरोबर दिलीत, चूक आमची होती. ती चाक हातानं धरून ऐकत होती.

"मी रोज गोळी देऊन तोंड उघडायला लावायची त्यांना," ती म्हणाली. "गिळली का बघायची. ते हसायचे." मग माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला हे आता कळलंय. मला मार्चातच ठाऊक होतं."

"हो."

"परत सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"असं न्हाई. आईला ऐकू कमी येतं, ती मागं आहे. भाऊ गोठ्यात आहे. शेजारच्या काकू मला हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत, आणि माझ्या हातचं पाणी पीत न्हाईत. अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगा. तुमचं नाव पण सांगा."

ती आत जाऊन आईला घेऊन आली. भावाला हाक मारली. शेजारच्या दारात दोन बायका आल्या, रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले, माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, दवाखान्याचं नाव सांगितलं, आणि पहिल्यापासून सगळं मोठ्यानं सांगितलं. सुकुमारला गोळी कमी करायला मी सांगितलं. त्याच्या बायकोनं आम्ही सांगितली तेवढीच दिली. तो वारल्याचं आम्ही दाबलं, आणि दोष हिच्यावर ढकलला. मधे माझा आवाज फाटला, तेव्हा तिची आई म्हणाली, "ऐकू आलं न्हाई." मी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

माझं बोलून संपलं. त्रिशलानं मुलीला कडेवर घेतलं आणि पायरीपाशी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडं वळली.

"मामा, आता तुम्ही."

बाबगोंडांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं ते हात जोडतील, किंवा तिला घरी चल म्हणतील. तिनं पुन्हा म्हटलं, "मला काय बोलून घालवलंत ते सांगा. समद्यांसमोर घालवलंत, समद्यांसमोर सांगा."

ते पायरीवरून उतरून अंगणात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. घसा साफ केला. आणि त्या दिवशी घरात काय काय बोललं गेलं होतं ते एकेक करून, काही न गाळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले. त्रिशला उभी राहून ऐकत होती.